मशीनीतल्या लाया

आमच्या वऱ्हाडात लाह्यांना 'लाह्या' फक्त पुस्तकात म्हणतात. तोंडात त्या 'लाया'च असतात. 'ह' म्हणायला आपल्या लोकांना सवड नाही, असं माझे यजमान म्हणतात. या एका अक्षराच्या आळसापायी यंदा आमची नागपंचमी कशी झाली ते सांगते.

पंचमीला आमच्या घरी तवा चढत नाही. तवा म्हणजे नागोबाचा फणा, तो कसा तापवायचा? कढईही नाही. भाजणं नाही, तळणं नाही, विळी-चाकूला हात नाही. पातेल्यात उकडलेलं, चाळणीवर वाफवलेलं तेवढं चालतं. म्हणून नैवेद्याच्या लाया आदल्या दिवशीच घरात असाव्या लागतात. एरवी मी ज्वारीच्या घरीच फोडते. यंदा पुरणाचं, आवराआवरीचं काम अंगावर आलं, म्हणून गजेंद्रला, आमच्या मुलाला, दुकानात जाताना सांगितलं की जुन्या शहरातल्या भडभुंज्याकडून घेऊन ये. तो म्हणतो मी सांगितलंच नाही. मी म्हणते त्याच्या कानात ते वायरीचं बोंडूक होतं.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. "गजू, लाया?"

"हो आई, लाया!"

मी निश्चिंत झाले. आमच्या अकोल्यात अर्धी मराठी अन् अर्धी हिंदी एकाच वाटीत कालवून खातात. त्याला वाटलं, आई लाडात येऊन हिंदीत विचारून राहिली, 'आणलं का?' आणि त्याने खरंच आणलं होतं. बायकोचं कुरिअर.

घरी आल्यावर त्याने ओट्यावर एक खोका ठेवला. हल्ली सगळंच खोक्यात येतं, लायाही येत असतील, असं मनाशी म्हणत मी तो ओट्याशेजारच्या देवघरात पाटावर ठेवला, वरून धुतलेलं फडकं झाकलं आणि हळदीकुंकवाचं बोट लावलं.

आता आकसासूबाईंबद्दल सांगायला हवं. दुर्गाबाई, म्हणजे आमच्या आक्का, या माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. दर नागचतुर्थीला दर्यापूरहून बसने येतात, भावासाठी उपास धरून. दुसऱ्या दिवशी नागोबाला दूध-लायांचा नैवेद्य दाखवला की त्याच लाया तोंडात टाकून उपास सोडतात. दुसऱ्या कशानेही नाही. त्यांना साखरेचा आजार आहे आणि गोळी जेवल्यावर घ्यायची असते. डॉक्टरांनी उपास सोड म्हटलं, तर त्यांनी डॉक्टर सोडला.

माझाही श्रावणात एक लहानसा नेम असतो. उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही. यजमानांना त्यामुळे श्रावण फार आवडतो.

तर पंचमीची सकाळ. पाटावर चंदनाचा नागोबा काढून झाला, दुर्वा-आघाडा वाहिला, दूध ठेवलं. आक्का पदर खोचून समोर बसल्या. मी फडकं काढलं, खोका उघडला. आतून निघालं एक लाल, रबरासारखं, घडीचं भांडं. ओढलं की टोपल्याएवढं व्हायचं, दाबलं की ताटलीएवढं. वर झाकण. सोबत मक्याच्या दाण्यांची पिशवी.

"हे काय होय माय?" आक्का म्हणाल्या. "शेक द्याची पिशवी?"

मी गजेंद्रकडे बघितलं. मौनात माणसाला डोळे फार मोठे करावे लागतात.

"आई, असं काहून पाहून राहिली? ते पौर्णिमाचं पार्सल होय. तूच तं विचारलं, लाया? मी म्हटलं, लाया."

यजमान एवढ्या जोरात हसले की समईची वात हलली. पंचमीला जमीन उकरायची नाही म्हणून त्या दिवशी मळ्यात खुरपं चालत नाही, आणि रिकामा शेतकरी घरात असला की त्याला अशी करमणूक लागते. "गजूच्या आई, पार्सलले हळदकुंकू लावलं वं तुनं! आता त्याची ओटी भर!"

मी बोलू शकत नव्हते. बरंच झालं.

गजेंद्र गाडी काढून पळाला. भडभुंज्याची भट्टी पंचमीची बंद, लाया पहाटेच सरलेल्या. मुरमुरे घेऊन परत आला. आक्कांनी मुरमुऱ्यांकडे अशा नजरेने बघितलं की त्याने पिशवी पाठीमागे लपवली.

"राहू दे रे बाबू," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी भट्टी उघडली का आण. मी थांबतो तोवर."

म्हणाल्या खऱ्या, पण कालपासून पोटात फक्त पाणी होतं, आणि त्या डोळे मिटून भिंतीला टेकल्या. यजमानांचं हसू तिथेच थांबलं. उपास त्यांच्यासाठीच होता ना.

तेव्हा पौर्णिमा पुढे आली. माझी सून, अमरावतीची. हळू बोलते, पण बोलते.

"आत्याबाई, याच्यात लायाच होतात. मक्याच्या. तेल नाई लागत, कढई नाई लागत. मशीनीत ठेवलं का झालं."

मशीन म्हणजे मायक्रोवेव्ह. तिच्या माहेरून आलेला. ओट्याच्या पार कोपऱ्यात तो बसलेला असतो. मी कधी त्याला नावं ठेवली नाहीत आणि कधी हातही लावला नाही. ती त्यात स्वतःची कॉफी गरम करते, मी माझं दूध गॅसवर. यावर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो, आणि न बोललेलं दोघींनाही माहीत होतं.

"तेल नाई म्हणजे तळणं नाई," आक्का बोटांवर मोजत म्हणाल्या. "कढई नाई. तवा नाई. मंग?"

"तवा नाई कसा?" यजमान मशीनचं दार उघडून आत डोकावले. "हे गोल काय होय? अन् फिरते बी! बाई, हा तं फिरता तवा होय. नागोबाचा फणा गरागरा फिरवून राहिले हे लोक."

"बाबा!" पौर्णिमाचा चेहरा पडला. "काचेची ताटली होय ती."

"काचेचा तवा."

मला त्यांना चिमटा काढायचा होता, पण मधे नैवेद्याचं ताट होतं.

आक्का उठल्या. पदर सावरला आणि मशीनसमोर उभ्या राहिल्या. "तापते का नाई ते पाहू. तापला तं तवा, नाई तापला तं ताटली. लाव वं पोरी."

पौर्णिमाने कपात पाणी घालून आत ठेवलं, बटण दाबलं. आत उजेड झाला, ताटली फिरू लागली, आक्का मान वाकडी करून बघत राहिल्या. टिण झालं. कपातून वाफ निघत होती. आक्कांनी कप बाजूला घेतला आणि देवाचं नाव घेऊन तळहात ताटलीच्या काठावर टेकवला. मग आणखी जरा आत. मग दोन्ही हात.

"खुशाल," त्या भावाला म्हणाल्या, "हात लाव."

यजमानांनी लावला.

"काय हाय?"

"थंड हाय."

"पाणी उकयलं अन् फणा थंडच्या थंड. सांग आता." आणि त्या पौर्णिमाकडे वळल्या. "टाक वं दाणे. पण थांब." त्यांचा आवाज खाली आला. "या मशीनीत आंडं-गिंडं तं नाई न ठेवलं कोणं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरातल्या सोवळ्याओवळ्याचा निकाल माझ्याकडेच असतो ना! रविवारी सकाळी या मशीनीत काय गरम होतं, हे मला चांगलंच ठाऊक होतं. नुसती मान हलवली असती तर आक्कांचा उपास सुटला असता. पण समोर नागोबा होता, आणि मान हलवणं हेही बोलणंच. पौर्णिमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

मी हात उचलला आणि गजेंद्रकडे बोट केलं.

"मले काहून?" तो दचकला. मी बोट तसंच ठेवलं. तो घसा साफ करत म्हणाला, "आत्या... ते... रविवारी कधी कधी... ऑम्लेट. पण श्रावणात नाई! देवाशपथ श्रावणात नाई."

"घरात ऑम्लेट करता का रे?" यजमानांनी विचारलं. त्यांना ही बातमी नवीन होती.

"बाहेरून आणतो बाबा, इथं फक्त गरम करतो."

आक्का खाली बसल्या. नागोबाच्या चित्राकडे बघत राहिल्या. पौर्णिमाने मक्याची पिशवी पुन्हा खोक्यात घातली. मला वाटलं, संपलं. आता संध्याकाळपर्यंत ही बाई अशीच बसणार, आणि हे मशीन या घरात कायमचं परकं राहणार, आणि दोन्हीला माझंच बोट कारण.

"गजू," आक्का म्हणाल्या, "मागच्या साली माह्या गोठ्यातल्या खुराड्यातून आंडे कोणं नेले रे?"

"मले काय माहीत आत्या? मी तं नाई नेले."

"यानं नेले." त्यांनी चंदनाच्या नागोबाकडे हात केला. "माह्या डोयानं पाह्यलं. आख्खं आंडं गिळून असा गळा फुगवून बसला होता बाप्पा. मी हात जोडले अन् म्हटलं, घे देवा, तुहंच हाय." मग पौर्णिमाला, "नैवेद्य कोणाले दाखवाचा? यालेच न? मंग याले आंड्याचं काय वावडं? तू मशीन पुसून घे हळदीच्या पाण्यानं, भांडं तं कोरंच हाय. टाक दाणे."

यजमान म्हणाले, "बाई, तू वकील व्हाले पायजे होती."

"वकील असती तं तुह्यासाठी उपास धरला नसता."

पौर्णिमाने मशीन आतून-बाहेरून पुसलं. लाल भांडं धुतलं, कोरडं केलं, तळाशी दाणे पसरले, झाकण ठेवलं आणि आत सरकवलं. "आवाज ऐकत राहाचा," ती सांगत होती. "तडतड कमी झाली का बंद कराचं. नाई तं करपतात."

आधी काहीच होईना. आक्का कान देऊन बसल्या. मग एक फट्. मग दोन. आणि मग आत असा काही कल्ला उठला की आक्का टाळी वाजवून ओरडल्या, "फुटल्या माय, फुटल्या!" लाल भांड्याचं झाकण आतून ढकललं जाऊ लागलं. घरभर तो भाजक्या, गोडसर मक्याचा वास.

आक्कांच्या अंगात आता जीव आला होता. "अन् याच्यात ज्वारी फुटते का वं? अन् राजगिरा?" पौर्णिमा त्यांच्याकडे वळून हसत सांगू लागली. यजमान म्हणाले, "दर्यापूरले मशीन घेऊन जाय बाई, गोठ्यात ठेवू, आंडे जागेवरच गरम." गजेंद्र म्हणाला, "बाबा, ऑम्लेटचा विषय तुमीच काढला बरं." चौघेही एकदम बोलत होते.

मी एकटी गप्प होते, म्हणून मी एकटी ऐकत होते. आतली तडतड विरळ झाली. एक फट्. मग बराच वेळ काही नाही. मग एक, दमलेली. वासातला गोडवा जरासा कडवट व्हायला लागला. मी पौर्णिमाचा पदर ओढला. तिला वाटलं मी आक्कांना पाणी दे म्हणते. ती तांब्याकडे गेली. तोंड उघडलं तर नेम मोडतो. नाही उघडलं तर लाया करपतात, आणि मक्याची पिशवी तेवढी एकच.

मी दोन पावलं पुढे गेले आणि बटण दाबलं.

उजेड विझला. सगळे वळून बघू लागले. फडक्याच्या टोकात धरून मी भांडं बाहेर काढलं, झाकण उचललं. पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या, फुलांसारख्या. तळाशी चार दाणे न फुटलेले, एखादी किनार बदामी. करपली एकही नव्हती.

पौर्णिमा हातात पाण्याचा पेला घेऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली.

नागोबाला दूध आणि लाया दाखवल्या, पाणी फिरवलं, घंटा वाजवली. आक्कांनी पहिली लाई भावाच्या डोक्यावरून ओवाळली आणि तोंडात टाकली. हळूहळू चावली. "हलकी हाय," म्हणाल्या, "पण लाई हाय." मग मूठ भरून घेतली. आम्ही पुरणाची उकडलेली दिंडं वाढली, त्या जेवल्या, गोळी घेतली, आणि मला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

पानं उचलताना पौर्णिमा माझ्या कानाशी आली. "आई, एक विचारू? मशीनले सहा-सात बटणं हायेत. बंद कराचं कोणतं, हे तुमाले कसं माहीत?"

नैवेद्य होऊन बराच वेळ झाला होता. माझं मौन कधीच सुटलं होतं, आणि तिलाही ते चांगलं ठाऊक होतं.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि भांडी घासायला बसले.