मंगलचं उदाहरण

इंग्रजीची जागा रिकामी होती, म्हणून अठ्ठ्याण्णव साली घोडेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या शाळेत, विज्ञानाचे सोपान सरच नववीला इंग्रजी कवितेतले अलंकार शिकवत. चाचणीत त्यांनी ॲपॉस्ट्रॉफीचं उदाहरण विचारलं. मंगलनं जुन्या गाइडात त्याचा अर्थ वाचला होता; तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'आई, भात उतू चाललाय, लवकर ये.' तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती.

सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि भर वर्गात ते वाचून दाखवलं. "अगं, ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा स्वल्पविराम! आणि गेलेलं माणूस कुठं भात उतरवायला येतं का?" सगळा वर्ग खो-खो हसला. मंगल मान खाली घालून बसली.

पुढच्या महिन्यात घोडेगावला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की कवितेत समोर नसलेल्या, गेलेल्या माणसाला हाक मारून बोलतात, त्या अलंकारालाही ॲपॉस्ट्रॉफीच म्हणतात.  परतीच्या एसटीत सरांना मंगलचं वाक्य आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर कबूल केलं, "मंगलचं बरोबर होतं. चूक माझी." मग तिच्या बाकापाशी जाऊन म्हणाले, "पूर्ण मार्क देतो. चाचणीची वही आण."

"ते पान चुलीत घातलं, सर."

"मग परत लिही, बाळ."

"न्हाई सर. आदी मी रोज सैपाक करताना आईशी बोलायची. आता तोंड उघडलं की समदी हसत्यात असं वाटतं."