पोटात बेडूक, पाठीवर वाघ

खेळ न खेळताच त्याचं कौतुक छापणाऱ्या माणसाला काय म्हणावं? अविराजनं माझ्या बाबतीत तेच केलं मित्रांनो, आणि मान खाली घालायची वेळ आली त्याच्या आत्यावर.

मी एक जुनी, पिवळी, टीव्हीवर खेळायच्या गेमची कॅसेट आहे. कारखान्यात माझ्या पोटात बेडकाचा खेळ भरला. कमळाच्या पानांवरून उड्या मारत तळी ओलांडायची. बेडूक म्हणून नाक मुरडू नका, एक सोडून सात तळी आहेत माझ्यात! पण लेबल लावणाऱ्याला कसली घाई होती कोण जाणे, त्यानं माझ्या अंगावर जबडा वासलेला वाघ डकवला.

शहाण्णव साली मी बारामतीच्या दुकानात आले. अविराज एका साप्ताहिकात नव्या गेमांना चांदण्या द्यायचा आणि पोरं त्याचा शब्द झेलायची. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं, दुकानदाराचा चहा प्याला नि गेला. शुक्रवारी छापून आलं, की शेवटी वाघाशी झुंज होते तेव्हा अंगावर काटा येतो. पाच चांदण्या.

कन्हेरी गावात त्याच्या आत्यानं, प्रयागबाईनं, एकेक अक्षर जुळवत ते वाचलं. भाच्याचं नाव पेपरात! तिनं नातीकडून, निकिताकडून, मला मागवलं आणि भेंडी तोडायला येणाऱ्या बायांना सांगून टाकलं, की रविवारी या, वाघ दाखवते.

आठवडाभर ती माझ्याशी झुंजली. रोज माझ्या पितळी पट्ट्या पदरानं पुसायची, हळूच फुंकर घालायची. तेवढी माया कॅसेटला पुरते, मित्रांनो. आपटलंत तर मी मुकी होते. शनिवारपर्यंत तिची सहा तळी झाली. वाघ सातव्यात असणार, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

रविवारी अविराजलाही मानानं जेवायला बोलावलं. दारापर्यंत बाया दाटल्या. बेडूक सुटला! तिसरं तळं, पाचवं, सातवं! मगर आली, तिलाही हुलकावणी दिली. भेंडी तोडणाऱ्या छबूबाईनं नातवाला मांडीशी घट्ट धरलं, वाघ कधी झेप घेईल नेम नाही. मी तापले होते, पण दम सोडला नाही. बेडूक शेवटच्या पानावर पोचला, डोक्यावर मुकुट चढला, गाणं वाजलं. खेळ खलास.

"आन वाघ कुठं हाय, प्रयागबाई?" छबूबाईनं विचारलं.

हशा पिकला. कुणी म्हणालं, कॅसेटच खोटी हाय, उकिरड्यावर टाका. 

प्रयागबाई भाच्याकडं वळली. तो आधी म्हणाला, वाघ पुढच्या भागात असेल. मग म्हणाला, आत्या, वेळच नव्हता. शेवटी पुटपुटला, चित्र बघून लिहिलं.

तिनं मला यंत्रातून काढलं नाही. जॉयस्टिक त्याच्या हातात दिली.

"बैल घ्यायचा तर आमी औताला जुपून बघतो, अवी. तू नुसतं चित्र बघून चांदण्या वाटल्यास. आता हितंच बस. सातवं तळं पार होईस्तवर ताट मिळायचं न्हाय, आन तवर तुझं छापलेलं ह्या घरात कुणी खरं मानायचं न्हाय."