रणगाडा कोणाला

डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या लवूकाकांनी आयुष्यभर ट्रक चालवला. मग अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. वेळ जावा म्हणून पुतण्या स्वप्नीलने त्यांना आपल्या ऑनलाइन गेमच्या टीममध्ये घेतलं. तो कॅप्टन होता. रणगाडा फक्त वरच्या रँकवाल्यांना द्यायचा, असा त्याचा नियम. काकांना कायम जीप मिळायची.

"चालवूकच दिलंस नाय, तर रँक वाढतली कशी?" काकांनी एकदा विचारलं.

"काका, एकाच्या हौसेपायी सगळी टीम हरते."

फायनलला काकांनी न विचारता रणगाडा घेतला. एका हाताने वळवताना तो नाल्यात उलटला आणि टीम हरली.

"त्या लुळ्याला काढ रे!" माइकवर कुणीतरी ओरडलं. सगळ्यांच्या देखत स्वप्नीलने काकांना टीममधून काढलं.

संध्याकाळी तो त्यांच्या खोलीत गेला. "चला, आपण दोघंच खेळू. रणगाडा तुम्ही घ्या."

"नको. तू केलंस ता बरोबरच," म्हणत काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून त्यांनी उजवा हातही हलवायचा सोडला. हाताला काही झालेलं नाही, असं डॉक्टर सांगून गेले. काकू आता त्यांना घास भरवते.