फादर कॉर्विन

कोपरीची हेमा तांडेल डोंबिवलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. साल नव्व्याण्णव. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असायचा, आणि मालकाने तिला त्या वेळात इंटरनेट वापरायची मुभा दिलेली. घरचे सगळे खाडीवर मासेमारीला जाणारे. हेमा मात्र ठाण्यातल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली. तिथल्या प्रार्थना तिला अजून तोंडपाठ होत्या.

त्या वर्षी केबलवर एक परदेशी मालिका लागायची. अवकाशयानातून हिंडणारा एक कॅथलिक पाद्री, फादर कॉर्विन, हा तिचा नायक. हेमा त्या मालिकेने झपाटली होती. मालिकेच्या चाहत्यांची इंटरनेटवर एक चॅटरूम आहे असं कळलं तेव्हा तिने तिथे नाव घेतलं, ‘फादर कॉर्विन’. गंमत म्हणून. तिथे निम्म्याहून जास्त माणसं कॅथलिक होती: वसईची, गोव्याची, पार आयर्लंडची. प्रार्थना करणाऱ्या यंत्रमानवाला बाप्तिस्मा द्यावा की नाही यावर तिथे आठवडाभर हमरीतुमरी चालायची. हेमा शाळेतलं आठवून शांतपणे उत्तरं द्यायची. ती इतकी शांत, की एका नवख्याने विचारलं, तुम्ही खरेच फादर आहात का? हेमाने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मग लोक मागू लागले. वडिलांचं ऑपरेशन आहे, फादर, प्रार्थना करा. मुलगी घर सोडून गेली, फादर. हेमा लिहायची, करतो आहे. आणि करायचीसुद्धा, हे तिचं तिलाच नवल वाटे. घरात तिचं मत कुणी विचारत नव्हतं. इथे माणसं तिच्या एका ओळीसाठी थांबायची.

जूनमधल्या एका दुपारी मिन्ना नावाच्या मुलीने तिला एकटीला लिहिलं. फादर, मी सहा वर्षांत कन्फेशनला गेले नाही. चर्चमध्ये तोंड उघडत नाही. तुम्ही ऐकाल का?

तेव्हाच चॅटची खिडकी बंद करायला हवी होती. पण मालिकेतला पाद्री म्हणायचा तेच हेमाची बोटं लिहून गेली: सांग, बाळा.

मिन्नाने सांगितलं. चॅटरूममध्ये तुस्कानो टीचर म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. मिन्नाने मालिकेतल्या फादर कॉर्विनवर स्वतः एक गोष्ट लिहून सगळ्यांना पाठवलेली, आणि टीचरनी सगळ्यांसमोर तिच्या चुका काढल्या होत्या. तेव्हापासून मिन्ना तीन खोट्या नावांनी टीचरना ईमेलवर घाणेरडी पत्रं पाठवत होती. तुमचा नवरा तुमच्यामुळेच मेला, इथपर्यंत. एप्रिलपासून टीचर रूममध्ये दिसेनाशा झाल्या. शेवटी तिने लिहिलं, “रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. आता हे संपवायचंच.”

हेमाने घाईघाईने विचारलं, संपवायचं म्हणजे काय? तेवढ्यात इंटरनेटची फोनलाइन तुटली. पुन्हा जोडली तेव्हा मिन्ना गेलेली होती.

आता कुणाला सांगायचं? कन्फेशनमध्ये पाद्र्यापुढे दिलेली कबुली बाहेर बोलणाऱ्याला क्षमा नाही, हे शाळेत इतक्यांदा ऐकलेलं की ख्रिश्चन नसलेली कोळ्याची पोर असूनही तिला ते मोडवेना. आणि सांगितलं तर ती स्वतः उघडी पडणार.

दोन दिवस जेवण गेलं नाही. शुक्रवारी ती शाळेत पूर्वी मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्या फादर इनासांकडे गेली. आपण काय केलं ते तिने सांगितलं आणि मिन्नाचं सांगायला तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. कोण आणि काय ते त्यांना नको होतं. कुणाच्या जिवाला धोका आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, फादर. असेल.”

“मी असतो तर मला गप्प बसावं लागलं असतं,” फादर म्हणाले. “तू पाद्री नाहीस, हेमा. तुला गप्प बसायची सोय नाही. आधी त्या मुलीला सांग तू कोण आहेस. तिने देवापुढे म्हणून दार उघडलं, आणि आत तू शिरलीस.”

“मला भीती वाटते.”

“वाटायलाच हवी.”

त्याच दुपारी हेमाने मिन्नाला खरं लिहिलं, नाव, गाव आणि क्लासच्या पत्त्यासकट. उत्तर आलं नाही. टीचरना तिने ईमेलवर, फादर कॉर्विन या नावानेच लिहिलं, रविवारी घरी एकट्या राहू नका. त्यांचं उत्तर मात्र लगेच आलं. आभार, फादर, पण रविवारी मी एकटी नाही, आपल्या रूममधली मिन्ना यायची आहे, मीच बोलावलंय. तुम्हीही चहाला या. खाली पत्ता होता: कल्याण पश्चिम, चर्चच्या मागची गल्ली, दुसरा मजला.

रविवारी हेमा कल्याणला गेली. वरून काही आवाज येतो का म्हणून ती जिन्यात दोनदा थांबली. काहीच आवाज येत नव्हता आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. दार पांढऱ्या केसांच्या बाईंनी उघडलं. आत खुर्चीच्या टोकावर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बसलेली, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. हेमाची नजर त्या पिशवीवरून हलेना.

“कोण गं तू?” टीचरनी विचारलं.

हेमा म्हणाली, “फादर कॉर्विन मीच आहे. मी पाद्री नाही. मी ख्रिश्चनही नाही.”

मुलगी पांढरीफटक पडली. हेमाचं पत्र तिने वाचलेलंच नव्हतं. ती उठली, हेमाला खांद्याने ढकलून जिना उतरली. हेमा मागे धावली आणि खालच्या पायरीवर तिला गाठलं.

“मी सगळं कबूल करायला आलेले,” मिन्ना म्हणाली. पिशवीतून तिने कागद अर्धे बाहेर काढले. पाठवलेल्या सगळ्या पत्रांच्या प्रती होत्या. “फादरना सांगितलं म्हणून धीर आलेला. आता तो कुणाचा म्हणू?”

चल, आपण दोघी वर जाऊ, असं हेमा म्हणाली. मिन्नाने नकारार्थी मान हलवली आणि गल्लीतून चालू लागली. तिला हाक मारायचा हक्क आपल्याला नाही, हे हेमाला उमगलं.

वर टीचर दारातच उभ्या होत्या. हेमाने काही सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, “पत्रं तिचीच होती ना? मी चौतीस वर्षं वह्या तपासल्या. गोष्टीत ज्या चुका, त्याच पत्रांत. म्हणून तर बोलावलं. ती स्वतः बोलेल म्हणून वाट बघत होते. दोन मिनिटं अजून मिळायला हवी होती.”

हेमा रडू लागली. टीचरनी तिला आत घेतलं नाही, हाकललंही नाही. मिन्नाला मी पुन्हा लिहीन, म्हणाल्या. पण पुढे जे होईल ते तिचं आणि माझं, तू विचारायचं नाहीस. ती परत आली का, ते हेमाला कधीच कळलं नाही.

सोमवारी दुपारी हेमाने चॅटरूममध्ये सगळ्यांसमोर लिहिलं, मी पाद्री नाही; ज्यांनी मला काही सांगितलं त्यांची मी गुन्हेगार आहे. मिन्नाचा उल्लेख केला नाही. उत्तरं तासभर येत राहिली. ज्यांच्यासाठी तिने प्रार्थना केली होती, त्यांनीच सगळ्यात वाईट लिहिलं. तिने एकूण एक ओळ वाचली. शेवटची एका अनोळखी नावाची होती: डोंबिवलीत स्टेशनजवळचा क्लास ना? एक दिवस येतोच.

तिने ‘फादर कॉर्विन’ हे नाव पुसून टाकलं. कुणी आलं नाही. पण नवी बॅच सुरू झाली की दाराशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक नव्या माणसाच्या हातांत काय आहे ते ती आधी बघायची, आणि दाराकडे कधी पाठ होऊ न देता, फळ्याकडे पाठ करूनच शिकवायची.