धुतलेले दगड

एनिड गार्थने नदीकाठची ताडपत्री दूर केली आणि कपाळाला हात लावला. पुलाच्या कठड्याचे चौसष्ट दगड गवतावर चकचकीत होऊन पडले होते. नंबर एकावरही नव्हता.

फोनमधली बाई सांगेल तिकडे वळणाऱ्या एका ट्रकवाल्याने तीनशे वर्षांचा कठडा नदीत पाडला होता. कठडा पुन्हा बांधायचं काम एनिडकडे होतं. दगड नदीतून काढल्यावर तीन आठवडे खपून तिने जुने फोटो ताडून पाहिले, कुठला दगड कुठला ते ओळखलं आणि खडूने नंबर घातले. प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या मापाने घडवलेला, भलत्या जागी बसेल तर शपथ. त्यात थंडी पडली की चुना धरत नाही. दहा दिवसांत कठडा उभा राहिला नाही, तर पूल एप्रिलपर्यंत बंद, आणि पलीकडे एकटी राहणारी तिची आई नऊ मैलांच्या वळशावर.

ग्रामसजावट समितीची ब्रेंडा टॅटर्सल हातात बादली घेऊन आली.

"छान निघालेत ना गं? उद्या स्वच्छ गाव स्पर्धेचे परीक्षक येणार, आणि यांच्यावर कुणीतरी काहीतरी खरडून ठेवलेलं."

"ते मी खरडलं होतं, ब्रेंडा."

"मग सांगायचं नाही का? चहा आणू?"

"नको. तू आता काही म्हणता काही करू नकोस."

"चांगलं करायला जावं तर हे असं. सगळ्या बाजूंनी घासलेत मी, खालूनसुद्धा. पाठ मोडली माझी."

खालून कोण बघणार होतं, देव जाणे. एनिडने संतापून पहारीने जवळचा दगड उलटवला. जुना चुना पार खरवडून निघाला होता, आणि खाली छिन्नीने कोरलेली एक फुली आणि चार रेघा होत्या. तिने शेजारचा उलटवला. दोन फुल्या, एक रेघ. फुलीचे दहा, रेघेचा एक: चौदा आणि एकवीस. तीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने दगडांवर नंबर कोरून ठेवले होते. आई हिवाळ्यात एकटी पडणार नव्हती, आणि तेही ब्रेंडामुळे, याचा तिला भयंकर राग आला.

ब्रेंडा वाकून बघत म्हणाली, "एवढं कोरत बसला बिचारा. खडूने नसतं का भागलं त्याचं?"

एनिडने तिच्या हातातल्या बादलीकडे पाहिलं.

"याच गावचा होता ना तो," ती म्हणाली.