मौनाच्या दिवशी सोडलेला बोकड

मुखरूनं सोमवार उगाच नव्हता निवडला. सोमवारी गुणाबाईचं मौन असे. पहाटे तोंड धुतलं की सांजवात लागेपर्यंत ओठ मिटलेले. नवरा गेल्यापासून एक सोमवार चुकला नव्हता. मुखरू तिचा धाकटा दीर, त्याला हे पुरतं ठाऊक. त्यानं तिच्या गोठ्यातला बोकड सोडला आणि म्हणाला, "वयनी, तापातून उठलो तं मातामायले गावातलं देखणं बोकड कबूल केलं. तुमाले नाई म्हनाचं असंन तं म्हना!"

वर हसलाही.

गुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिची शेळी लाली आता म्हातारी झालेली. लालीची एकुलती पाठ, म्हणजे मादी करडू, बिबट्यानं उचललेली. उरला होता तिच्याच पोटचा हा बोकड. त्याच रानात चरणाऱ्या मुखरूच्या शेळ्यांचं दही घुसळलं की रवीला नुसता ओशटपणा लागे. लालीच्या दह्याला लोण्याचा मुठीएवढा गोळा. चामोर्शीच्या बाजारात ते तूप विकून गुणाबाई मानानं जगत होती. लोक म्हणत, चाऱ्याचा गुण. पण लालीचा भाऊ गावातल्या शकुबाईच्या कळपात गेला, आणि तिच्या पातळ दुधाच्या शेळ्यांना त्याच्यापासून झालेल्या पाठी व्याल्या त्या घट्ट दूध देतच. तेव्हा गुणाबाईला उमगलं, लोणी रक्तातून उतरतं, बोकडातूनही. तो स्वतः थेंब देत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही एवढंच. आणि गावाची रीत काय, तर चांगला बोकड सुरीखाली, उरलासुरला कळपात!

ती तरातरा मागोमाग निघाली.

निंबाखाली गावदेवी मातामायपुढे पुजारी सुकलूनं बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडलं. बोकडानं अंग झाडलं तर मायनं घेतला म्हणायचं. बोकड ढिम्म. पुन्हा पाणी. तो निवांत पाला चघळत राहिला.

"माय रुसली वाट्टे," कुणी तरी म्हणालं.

"कशाची रुसते!" मुखरूनं तांब्या उचलला आणि बोकडाच्या कानाशी कलता केला.

गुणाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"मुखऱ्या!"

सगळ्यांच्या माना वळल्या. सोमवारी बाई बोलली होती.

"ताप तुले, नवस तुहा, अन् जीव माह्या गोठ्यातला? वरून कानात पानी ओतून मायचा होकार काढतं?"

"वयनी, मौन मोडलं तुमचं!"

"मोडलं. त्याचं मी भोगीन. चोरीचं तू भोग."

सुकलूनं सुरी फडक्यात गुंडाळली. "मायनं घेतला नाई, मुखरूभाऊ. नवस बाकी हाय. घरचा आन."

"माहावाला? तो तं बाजारासाठी पोसून राह्यलो..."

"मायले भाव सांगतं का रे?" शकुबाई ओरडली, आणि सगळा निंब हसला.

गुणाबाई हसली नाही. दावं ओढत ती निघाली, ते थेट शकुबाईच्या कळपात बोकड सोडूनच घरी आली.

तिनं सांजवात लावली. इतक्या वर्षांचं व्रत मुखरूनं तोडायला लावलं होतं.

"माय, पुढच्या सोमवारपासून पुन्हा पहिल्यापून धरतो," ती दिव्याला म्हणाली. "पन माफी मागनार नाई."