डॅशबोर्डमध्ये अडकलेलं पाचवं गाणं

मी बोलतेय. हो, इथूनच, डॅशबोर्डच्या आतून. मी एक सीडी आहे, चार जपानी पोरांच्या रॉक बँडचा दुसरा अल्बम. पहिल्याचं भारी कौतुक झालं. माझ्या वाट्याला "पहिल्यासारखा नाही हं" एवढंच आलं. असो.

योकोहामाच्या दुकानातून मला दिलीपने उचललं. तो जहाजावर इंजिनिअर, घर सिंगापूरला, पासिर रिसमध्ये. रजेवर आला की तो आणि त्याची लेक क्षिप्रा या गाडीतून समुद्राकडे चक्कर मारायचे आणि माझं पाचवं गाणं लावायचे. जपानी दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं, तरी गळा काढून गायचे. ते चुकीचे शब्द ऐकून मला हसू आवरायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या सकाळी क्षिप्राच्या आईने, मधुवंतीने, मी आत आहे हे न बघताच आरत्यांची सीडी खाचेत ढकलली. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या उरावर. ती बिचारी गरीब आहे, पण अंग हलवायला जागा नाही. बटण दाबलं की यंत्र नुसतं कण्हतं. दिलीप म्हणाला, पुढच्या रजेत मीच खोलतो. इमारतीएवढी इंजिनं खोलणारा माणूस, पण ती रजा काही उजाडली नाही. क्षिप्रा इअरफोन घालून बसू लागली. बापलेकीतलं बोलणं आटलं आणि माझा जीव आत गुदमरत राहिला. मी सुटले तरच ही दोघं पुन्हा गातील, असं मला वाटायचं.

इथे गाडीचा परवाना दहा वर्षांचा. तो संपला, म्हणून आज दोघं गाडी भंगारात द्यायला आली. दिलीपने छत्री घेतली, डॅशबोर्डवरचा गणपती घेतला आणि मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. म्हटलं, सुटले एकदाची!

"बाबा, ऑनलाइन मिळतं लाह," क्षिप्रा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"ही नाही मिळत," तो म्हणाला.

दोन स्क्रू निघाले. तिसरा झिजलेला, फिरेचना. यार्डवाला किल्लीसाठी खोळंबला होता. दिलीप पुन्हा पुन्हा जोर लावत राहिला, तसा क्षिप्राने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"राहू दे, बाबा."

आणि ती हळूच पाचवं गाणं गाऊ लागली. तेच चुकीचे शब्द! मग तोही गाऊ लागला.

म्हणजे पाठ होतं हो दोघांना. नुसतं कुणीतरी सुरू करायचं होतं.

उद्या मला गाडीसकट चेपतील. रडू येतंय, खोटं कशाला बोलू? तुम्हाला एवढंच सांगते, काही खोलायचं असेल तर याच रजेत खोला.

दोघं गात गात एमआरटीकडे, म्हणजे मेट्रोकडे, निघाली. शेवटचं कडवं आलं होतं, तेवढ्यात यार्डवाल्याने गाडीची काच वर केली.